चर्चिलचें माउझर पिस्तूल

शस्त्रांचा इतिहास लिहिणारे पंडित बहुधा दोनच ठिकाणीं रेंगाळतात. एक कारखान्यांत आणि दुसरें रणांगणावर. अमक्या सालीं अमक्या कारागिरानें अमुक युक्ति काढली आणि तमक्या लढाईंत तिची परीक्षा झाली, एवढें सांगितलें कीं त्यांचें काम संपतें. परंतु कारखाना आणि रणांगण यांच्या मधोमध एक दुकान असतें, आणि त्या दुकानांत, कित्येक दिवस मनांत घोळलेलें हत्यार अखेर हातीं घेऊन, त्याचें वजन पाहणारा एखादा तरुण उभा असतो. त्या तरुणाच्या हौसेस इतिहासांत सहसा जागा मिळत नाहीं. वास्तविक ही हौस क्षुल्लक नव्हे. कोणास ती पुरवितां येते आणि कोणास येत नाहीं, या प्रश्नांत तर त्या काळच्या राज्यव्यवस्थेचें सारें मर्म सांठविलेलें असतें.

विन्स्टन चर्चिल यानें १८९८ सालच्या उन्हाळ्यांत लंडन येथें एक माउझर पिस्तूल विकत घेतलें, ही अशीच एक लहानशी गोष्ट. त्या वेळीं त्याचें वय तेवीस वर्षांचें होतें. मोठ्या घराण्यांत जन्म झालेला, पण हातीं पैसा बेताचाच. खर्चाची संवय मात्र घराण्यास शोभेशी. तथापि या खरेदीमागें केवळ श्रीमंती डौल होता असें नाहीं, आणि तिच्या कारणांचा माग काढूं गेल्यास तो थेट आपल्या मुंबईच्या धक्क्यापर्यंत येऊन पोंचतो.

१८९६ च्या आक्टोबरांत चर्चिल आपल्या चौथ्या हुसार पलटणीबरोबर मुंबईस आला. जहाज बंदरांत उभें राहिलें. पण तरुण अधिकाऱ्यांस धीर कोठला? दोघां-तिघांनीं मिळून एक होडी ठरविली आणि ते ससून गोदीकडे निघाले. कुलाब्याची ही गोदी १८७५ सालीं बांधून झालेली. हल्लींच्या मुंबईकरास ती मासळीच्या बाजारामुळें ठाऊक असते. धक्क्याच्या ओल्या, निसरड्या पायऱ्या, वर धरण्यासाठीं लोखंडी कड्या, आणि खालीं लाटेबरोबर चार-पांच फूट वरखालीं होणारी होडी! चर्चिलनें एका कडीस हात घातला, त्याच क्षणीं होडी खालीं गेली, आणि त्याचा उजवा खांदा उखळला. त्यानें दोन-चार शिव्या हांसडल्या आणि तो पुढें चालूं लागला. पण तो खांदा जन्मभर निकामाच राहिला. पुढें पोलो खेळतांना त्यास तो हात अंगाशीं बांधून घ्यावा लागे, आणि तलवारीचा सपाटून वार करणें हें तर कायमचेंच जोखमीचें होऊन बसलें. (जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं, या मंडळींनीं हिंदुस्थानांत येतांच पहिली मोठी खरेदी केली ती पोलोच्या घोड्यांची, पुना लाइट हॉर्स या पथकाचे पंचवीस तट्टू त्यांनीं एकदम उचलले. हौस आणि हिशेब यांची गांठ त्या वयांत क्वचितच पडते.)

दुसरें कारण पुढल्या वर्षीं घडलें. १८९७ च्या सप्टेंबरांत वायव्य सरहद्दीवर, मामुंदांच्या खोऱ्यांत, एका टेंकडीवरून माघार घेतांना पलटणीचा ॲड्जुटंट जखमी होऊन पडला आणि एका पठाणानें त्यास तेथेंच कापून काढलें. चर्चिल तें दृश्य थोड्याच अंतरावरून पाहत होता. शाळेंत असतां त्यानें पट्ट्याच्या खेळांत बक्षीस मिळविलें होतें. तेव्हां तलवार उपसून त्या पठाणास गांठावें असें प्रथम त्याच्या मनांत आलें. पण पठाण वाट पाहत उभा, आणि त्याच्या मागें त्याचे सोबती! तलवारीचा विचार टाकून त्यानें रिव्हॉल्व्हर काढलें, नीट नेम धरला आणि चाप ओढला. कांहीं झालें नाहीं. पुन्हां झाडलें, पुन्हां झाडलें. पठाण पडला किंवा नाहीं हें त्याचें त्यासही कळलें नाहीं. ज्याचा खांदा तलवारीस नालायक आणि ज्याचा रिव्हॉल्व्हरवरील विश्वास असा उडालेला, त्यानें तिसऱ्याच कांहीं हत्याराचा शोध करावा हें स्वाभाविक नाहीं काय?

तें तिसरें हत्यार जर्मनींत नेकार नदीच्या कांठीं ओबर्नडॉर्फ या गांवीं तयार झालें होतें. तेथें पॉल माउझर याचा बंदुकांचा प्रसिद्ध कारखाना होता. कारखान्यांतील फेडर्ले नांवाच्या बंधूंनीं हें पिस्तूल जुळविलें आणि १८९५ सालीं मालकाच्या नांवें त्याचें पेटंट घेतलें गेलें. रिव्हॉल्व्हरमध्यें एक फिरतें चक्र असतें. त्यांत सहा काडतुसें, आणि तीं संपलीं कीं एकेक करून चक्र पुन्हां भरीत बसावयाचें. माउझरची तऱ्हाच निराळी. बार उडाला कीं त्याच्याच धक्क्यानें मागील खिट्टी सरकावी, रिकामें टरफल बाहेर पडावें, पुढील काडतूस आपोआप नळींत जाऊन बसावें आणि पिस्तूल पुन्हां सज्ज व्हावें! चापाच्या पुढें पेटीसारखा भाग असून त्यांत दहा काडतुसें रहात, आणि तीं पत्र्याच्या एका पट्टींत लावून वरून एका दाबासरशीं भरतां येत. गोळी बारीक, ७.६३ मिलिमीटरांची, पण वेग असा कीं त्या काळचें दुसरें कोणतेंही पिस्तूल त्याच्या जवळ येत नसे. मूठ मात्र झाडूच्या दांड्यासारखी गोल आणि बेढब होती, आणि थट्टेनें तिला तेंच नांव पडलें. लांकडी म्यान हा तर मोठाच चमत्कार. पिस्तूल त्यांत ठेवावें. वाटल्यास म्यान मुठीस अडकवून तोच दस्ता खांद्यास लावावा आणि लहान बंदुकीसारखा नेम धरावा. यंत्राची आवड असलेल्या कोणत्याही तरुणाचें मन असल्या वस्तूवर जडल्यावांचून राहिलें नसतें.

इंग्लंडांत हीं पिस्तुलें विकण्याचें काम वेस्टली रिचर्ड्स या जुन्या पेढीकडे होतें. ब्रिटिश लष्करांतील अधिकाऱ्यास स्वतःचें पिस्तूल स्वतःच्या पैशानें घ्यावें लागे, त्यामुळें निवडीस थोडी मोकळीक असे. बहुतेक लोक वेब्लीचें जाडजूड रिव्हॉल्व्हर घेऊन स्वस्थ बसत. चर्चिलनें नव्यावर पैसा लावला. तो पैसा त्यास सहज परवडत होता असें म्हणतां येत नाहीं; कारण सूदानच्या मोहिमेंत जाण्याची परवानगीच त्यास अशा अटीवर मिळाली होती कीं, येण्याजाण्याचा खर्च त्याचा त्यानें करावा आणि तो मेला किंवा जखमी झाला तर सरकारी तिजोरीवर कसलाही बोजा पडूं नये. सेनापति किचनेर यास तो मुळींच नको होता. आईनें व तिच्या मैत्रिणींनीं वजन खर्च केलें, मुख्य प्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनींही शब्द टाकला, तेव्हां एकविसाव्या लान्सर पलटणींत त्यास कशीबशी जागा मिळाली. खर्च भरून निघावा म्हणून ‘मॉर्निंग पोस्ट’ला मजकूर पुरविण्याचें त्यानें पत्करलें, दर स्तंभास पंधरा पौंड. ज्या मोहिमेवर स्वतःच्या खर्चानें जावयाचें, तिच्यासाठीं सर्वांत नवें आणि उंची पिस्तूल घ्यावें, ही वृत्ति शहाणपणाची कीं उधळेपणाची याचा निर्णय वाचकांनींच करावा. १९३० सालीं त्यानें आपल्या पूर्वायुष्याची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां मधें बत्तीस वर्षें लोटलीं होतीं; तरीही त्या पिस्तुलाचा नवेपणा सांगितल्यावांचून त्यास राहवलें नाहीं. नाईल नदीच्या सबंध प्रवासांत आपण त्यावर नेमाचा सराव करीत होतों, हेंही तो आवर्जून सांगतो. हौसेच्या वस्तूची इतकी चाकरी करणारे लोक थोडेच असतात.

२ सप्टेंबर १८९८ रोजीं ऑम्दुर्मानची लढाई झाली. सकाळीं एकविसाव्या लान्सर पलटणीच्या तीनशेंहून अधिक स्वारांनीं, थोड्याशा शत्रूस उधळून लावावें म्हणून, घोडे फेंकले. आणि जवळ जातात तों एका कोरड्या नाल्यांत दडलेले हजारों दर्वेश एकदम उभे राहिले. चर्चिल करड्या रंगाच्या अरबी तट्टावर होता. हल्ल्याचें शिंग वाजलें तेव्हां त्याच्या हातीं नियमाप्रमाणें तलवार होती. भर धांवेंत ती म्यानांत घालावयाची, मग लांकडी पेटींतून पिस्तूल काढावयाचें, आणि धांवत्या घोड्यावर पिस्तुलाचा घोडा चढवावयाचा, हें काम सोपें नव्हे. इतका वेळ जाईपर्यंत त्यानें मान वर करून पाहिलेंही नव्हतें. पाहिलें तों समोर निळ्या पोशाखाचे दर्वेश, खांद्यास खांदा लावून. पुढील एक-दोन मिनिटांत जें झालें त्यांत माणसें इतकीं जवळ आलीं होतीं कीं एकास गोळी लागली ती पिस्तूल त्याच्या अंगास टेंकून. नाल्यांतून पलीकडे पडेपर्यंत दहाच्या दहा काडतुसें संपलीं होतीं. दोनच दिवसांनीं आईस लिहिलेल्या पत्रांत त्यानें हा हिशेब दिला आहे. एकही बार वायां गेला नाहीं, असें त्याचें म्हणणें. इयन हॅमिल्टन यास लिहितांना तर त्या पिस्तुलाइतकी उत्तम वस्तु जगांत नाहीं असा निर्वाळाच त्यानें दिला.

पलटणीचीं सुमारें सत्तर माणसें व एकशेंवीस घोडे दोन मिनिटांत मेले किंवा जायबंदी झाले. मुंबईच्या धक्क्यावर खांदा उखळला नसतां तर आपणही त्या दिवशीं तलवार घेऊनच शिरलों असतों, आणि मग ही कथा सांगावयास कदाचित् उरलों नसतों, असें त्यानें पुढें लिहिलें. दैवाचे असे हिशेब पाठीमागून जुळविणें फार सोपें असतें! शिवाय त्या दिवशीं सुमारें दहा हजार सुदानी लोक पडले आणि त्यांस मारणाऱ्या सैन्यांतील पन्नासाच्या आसपास. हा फरक कोणा एकाच्या पिस्तुलानें पडला नव्हता. तो मॅक्सिम तोफांनीं व लांब पल्ल्याच्या बंदुकांनीं पाडला. घोडदळाचा तो हल्ला सर्वांच्या स्मरणांत राहिला, पण लढाईचा निकाल त्यावर लागला नाहीं.

पुढील वर्षीं हेंच लाडकें माउझर ऐन वेळीं त्याच्या कमरेस नव्हतें. बोअर युद्धांत तो वार्ताहर म्हणून गेला होता. १५ नोव्हेंबर १८९९ रोजीं नाताळांत चिलखती आगगाडी बोअरांनीं रुळांवरून उलथली. मोडलेले डबे ढकलून एंजिनास वाट करून देण्यासाठीं चर्चिलनें तासभर गोळीबारांत धडपड केली, आणि अंगावर ओझें नको म्हणून पिस्तूल व दुर्बीण एंजिनावर ठेवून दिली. एंजिन जखमी लोकांस घेऊन सुटलें. त्याबरोबर पिस्तूलही गेलें. थोड्या वेळानें एक घोडेस्वार बंदूक रोंखून समोर आला, चर्चिलचा हात कमरेकडे गेला, आणि तेथें कांहीं नव्हतें! त्यानें हात वर केले. बोअरांच्या हातांतील बंदुकाही माउझरच्याच होत्या. इतकें झाल्यावर त्याच्या लक्षांत आलें कीं, खिशांत मऊ टोंकाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या तशाच राहिल्या आहेत, आणि अशा गोळ्यांसह सांपडणें फार वाईट. एक त्यानें हळूच जमिनीवर सोडली. दुसरी पहारेकऱ्याच्या दृष्टीस पडली, तेव्हां ती आपणांस वाटेंत सांपडली असें सांगून तो मोकळा झाला. पिस्तूल कमरेस असतें तर तो लढतां लढतां पडला असता, हें जवळजवळ निश्चित. ऑम्दुर्मान येथें तें असल्यामुळें तो वांचला असें मानावयाचें, तर नाताळांत तें नसल्यामुळें वांचला असेंही मानावें लागेल.

आतां याच हत्याराची दुसरी बाजू. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें हिंदी मनुष्यास परवान्यावांचून हत्यार बाळगणें गुन्हा ठरलें होतें, आणि युरोपियनांस त्यांतून सूट होती. म्हणजे जी वस्तु इंग्रज तरुणानें दुकानांत शिरून, नेम धरून पाहून, बिल चुकवून घरीं न्यावी, तीच वस्तु आपल्याकडील तरुणास हवी झाल्यास चोरीवांचून मार्ग नव्हता. १९०९ सालीं लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलें चोरकप्प्याच्या पेटींतून मुंबईस आलीं, आणि त्यांपैकीं एकानें २१ डिसेंबर रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत जॅक्सन मारला गेला. या कृत्याच्या बऱ्यावाईटाचा खल येथें करावयाचा नाहीं. ओबर्नडॉर्फच्या पिस्तुलाची पाळी कलकत्त्यास आली. २६ आगस्ट १९१४ रोजीं रॉडा आणि कंपनी या बंदुकवाल्या पेढीचा श्रीशचंद्र मित्र नांवाचा कारकून मालकांच्या वतीनें जकातघरांतून २०२ पेट्या सोडवून आणावयास गेला. १९२ पेट्या त्यानें वखारींत पोंचत्या केल्या. उरलेल्या दहा पेट्यांची गाडी भलतीकडेच वळली आणि तिच्यामागोमाग कारकूनही नाहींसा झाला. त्या पेट्यांत ५० माउझर पिस्तुलें आणि ४६,००० काडतुसें होतीं. त्याच लांकडी म्यानाचीं, खांद्यास लावतां येणारीं.

तीं बहुतेक लागलींच निरनिराळ्या नऊ क्रांतिकारक टोळ्यांत वांटलीं गेलीं. सप्टेंबर १९१५ मध्यें ओरिसांत बालेश्वरनजीक जतींद्रनाथ मुखर्जी व त्यांचे चार सोबती पोलिसांच्या मोठ्या तुकडीशीं लढले ते याच पिस्तुलांच्या जोरावर. बंदुकांच्या तोडीचा पल्ला गांठण्यास तो लांकडी दस्ता तेथें उपयोगी पडला. १९१८ सालीं रौलट समितीनें आपल्या अहवालांत या चोरीचा सविस्तर हिशेब मांडला. पुढील दरोडे, खून व खुनाचे प्रयत्न मिळून चौपन्न प्रकरणांत ह्या पिस्तुलांचा उपयोग झाला होता. तोंपर्यंत पोलिसांच्या हातीं त्यांपैकीं एकतीस परत आलीं होतीं.