रॅबाय-व्यक्तिचित्रे

ज्यू धर्मपंडितांची रंगचित्रे वा मुद्राचित्रे या स्वरूपातील व्यक्तिचित्रे. ‘रॅबाय’ या हिब्रू उपाधीचा मूळ अर्थ ‘माझे गुरू’ असा आहे. रॅबाय हा पुरोहित नसून धर्मशास्त्राचा अभ्यासक, अध्यापक व निर्णय देणारा अधिकारी असतो. त्याचा मान विद्वत्तेवर अधिष्ठित असल्याने त्याची अनेक चित्रे प्रथम ग्रंथांच्या पृष्ठांवरच अवतरली. व्हेनिसचा रॅबाय लेओने मोदेना याने ज्यू आचारविधींविषयी लिहिलेल्या इटालियन ग्रंथाच्या १६३८ च्या आवृत्तीत मुखपृष्ठावर त्याचे चित्र आहे.

बायबलच्या ‘निर्गम’ या ग्रंथातील दशाज्ञांत मूर्ती घडविण्याचा निषेध आहे. मानवाकृतीविषयीचा हा निर्बंध मुख्यतः शिल्पाला लागू असून सपाट चित्राला नाही, असे मत पुढे प्रचलित झाले. तथापि काही धर्मपंडितांना तेही मान्य नव्हते. त्स्वी आश्केनाझी (मृ. १७१८) हा लंडनला गेला असता त्याने धार्मिक कारणास्तव चित्रकारापुढे बसण्यास नकार दिला, तेव्हा तेथील ज्यू समाजाने त्याच्या नकळत त्याचे चित्र काढवून घेतले, अशी हकीकत त्याचा मुलगा जेकब एम्डेन याने आत्मचरित्रात नोंदविली आहे.

सतराव्या शतकात ॲम्स्टरडॅम येथे स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या ज्यूंची भरभराट झाली व त्यांच्या धर्मपंडितांची मुद्राचित्रे प्रसृत झाली. सालोम इतालिया याने १६४२ मध्ये मनासे बेन इझ्राएलचे, तर आर्नाउट नाख्तेखाल याने १६८६ मध्ये इसाक आबोआब द फोन्सेका याचे मुद्राचित्र काढले. रेम्ब्रँटचे घर ज्यू वस्तीतच होते आणि मनासेच्या एका ग्रंथासाठी त्याने १६५५ मध्ये चार चित्रे कोरली. त्याचे १६३६ मधील एक अम्लरेखन दीर्घकाळ मनासेचे म्हणून प्रसिद्ध होते. परंतु इतालियाच्या चित्राशी त्याची चेहरेपट्टी जुळत नसल्याने ही ओळख आता संशयास्पद ठरली आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्याचे एक तैलचित्रही पूर्वी ‘ज्यू रॅबाय’ म्हणून ओळखले जाई. आता त्याचे शीर्षक ‘टोपी घातलेला दाढीधारी पुरुष’ असे आहे. दाढी, सैल झगा व गंभीर मुद्रा एवढ्यावरच अनेक अनाम वृद्धांना ‘रॅबाय’ ही संज्ञा चिकटली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यू चित्रकार स्वतःच या विषयाकडे वळले. व्हिएन्नाचा इसिडोर काउफमान (१८५३–१९२१) याने पूर्व यूरोपातील ज्यू गावांतून हिंडून तेथील विद्वान व भाविक अतिशय बारकाईने रंगविले. मार्क शागालचे (१८८७–१९८५) ‘व्हिटेब्स्कचा रॅबाय’ या नावानेही ज्ञात असलेले चित्र मात्र एका वृद्ध भिकाऱ्याचे आहे; शागालने त्याला आपल्या वडिलांची प्रार्थनावस्त्रे परिधान करावयास लावली होती.

प्रार्थनेची शाल किंवा कपाळावरील व दंडावरील वचनपेटिका ही रॅबायाची खूण नव्हे. कोणताही प्रौढ ज्यू पुरुष प्रार्थनेच्या वेळी ती धारण करतो. म्हणून जुन्या चित्रातील व्यक्ती रॅबाय आहे, असे म्हणण्यासाठी चित्रावरील लेख, समकालीन मुद्राचित्राशी साम्य किंवा चित्राच्या मालकीचा अखंड वृत्तांत यांपैकी काही आधार आवश्यक असतो. तो नसता विशिष्ट माणसाऐवजी ‘ज्यू’ या कल्पनेचा एक ठरीव नमुनाच पाहणाऱ्याच्या हाती येतो.

ही दक्षता केवळ संग्राहकांपुरती नाही. काउफमानने १८९९ मध्ये ज्यासाठी शब्बाथची खोली सजविली, ते व्हिएन्नाचे ज्यू संग्रहालय नाझींनी १९३८ मध्ये बंद केले. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याने चित्रित केलेला पूर्व यूरोपातील ज्यू समाज बहुतांशी नष्ट झाला. अशा समाजाच्या बाबतीत जुने चित्र हा स्मृतीचा उरलेला पुरावा ठरतो आणि त्यावर चुकीचे नाव घालणे म्हणजे एका माणसाची ओळख दुसऱ्यांदा पुसणे होय.