व्यक्ती निर्जंतुकीकरण कक्ष

व्यक्ती निर्जंतुकीकरण कक्ष : रुग्णालयात किंवा कार्यालयात ये-जा करणाऱ्यांच्या अंगावर व कपड्यांवर जंतुनाशकाचा सूक्ष्म फवारा मारणारा, हलवता येण्याजोगा कक्ष. कोविड-१९ च्या साथीत अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्थेने तो तयार केला. ‘व्हीआरडीई’ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था संरक्षण संशोधन व विकास संघटनेची, म्हणजे डीआरडीओची, प्रयोगशाळा आहे. लष्करी वाहने हे तिचे मुख्य कार्यक्षेत्र असून ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठीच्या वँकेल इंजिनाच्या विकासातही तिचा सहभाग होता.

पार्श्वभूमी : मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. रुग्णसेवकांसाठी मास्क व संरक्षक पोशाख अपुरे पडू लागले, तेव्हा डीआरडीओच्या प्रयोगशाळांनी हाताशी असलेल्या साहित्यातून साधने बनवायला घेतली. ४ एप्रिल २०२० रोजी या कक्षाबरोबरच डॉक्टर व परिचारिकांसाठीचा चेहरारक्षकही जाहीर झाला. तो हैदराबाद व चंडीगड येथील प्रयोगशाळांनी बनवला होता; त्यात ए-४ आकाराची पारदर्शक फिल्म बसवत.

रचना व कार्य : कक्षातून एका वेळी एकच व्यक्ती जाई. प्रवेशद्वारापाशी पायाने कळ दाबली की विजेचा पंप सुरू होऊन सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचे तुषार उडत आणि २५ सेकंदांनी ते आपोआप थांबत. तेवढा वेळ डोळे मिटून ठेवावे लागत. छतावरच्या व तळाच्या टाक्यांची एकूण क्षमता ७०० लिटर होती. एकदा भरल्यावर सुमारे ६५० माणसे त्यातून जाऊ शकत, म्हणजे माणशी लिटरभराहून थोडे अधिक द्रावण खर्ची पडे. देखरेखीसाठी बाजूंना काचा, रात्रीसाठी दिवे व चालकासाठी वेगळी खोली होती. हात धुण्यासाठी साबण व सॅनिटायझरचीही सोय होती. गाझियाबादच्या दास हिताची कंपनीच्या मदतीने हा कक्ष चार दिवसांत उभा राहिला.

आक्षेप : त्याच सुमारास अशा धर्तीचे ‘सॅनिटायझर टनेल’ अनेक शहरांत बसवले जात होते. मात्र १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर जंतुनाशक फवारू नये, असा सल्ला दिला. शरीरात शिरलेला विषाणू बाहेरच्या फवाऱ्याने मरत नाही आणि कपडे किंवा त्वचा यांवरही तो प्रभावी ठरतो याला पुरावा नाही, हे त्यामागचे मुख्य कारण. शिवाय क्लोरीनमुळे डोळे व त्वचेची आग होते, मळमळ व उलट्या होऊ शकतात, नाक, घसा व श्वासनलिकांना त्रास होतो. खोटी निर्धास्तता येऊन हात धुणे व अंतर राखणे मागे पडेल, असाही इशारा त्यात होता. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच भूमिका घेतली. ५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसांवरील अशा फवारणीवर बंदी वा नियमन करण्याबाबत महिन्याभरात निर्देश काढण्यास केंद्र सरकारला सांगितले.

सोडियम हायपोक्लोराइटचा निर्जीव पृष्ठभागांसाठीचा वापर मात्र पुढेही चालू राहिला. रुग्णालयांतील फरशा, कठडे व दारांच्या मुठी यांसाठी त्याचे १ टक्क्याचे द्रावण वापरले जाई.