बोहारीण, रुमाल आणि शनिवारचं दुकान

"या वेळी काय वाचणार?" असं मंडळाच्या चिटणीसांनी विचारलं तेव्हा मी "जुने कपडे" म्हणालो. ते हसले. बडोद्याच्या मराठी मंडळींचा इतिहास म्हटला की सरदारांच्या सनदा, वाड्यांची दारं, सयाजीराव महाराजांची ग्रंथालयं असंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. पण गेली तीन वर्षं मी दर शनिवारी शहरातल्या एका धर्मादाय संस्थेच्या दुकानात जुने कपडे निवडायला बसतो, आणि त्या टेबलावर जे शिकलो ते पुस्तकांतून मिळालं नव्हतं. शिवाय तिथे माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

मी मुळात इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. २८ वर्षं कारखान्यात प्रेशर आणि तापमानाचे काटे सांभाळले, मग नोकरी सोडली आणि मोडी शिकायला घेतली. दुकानात गेलो तो निव्वळ शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर. काम सोपं आहे. लोक गाठोडी आणून देतात. आम्ही ती सोडतो, बटणं, चेन, काखेतला डाग, पायघोळाची शिवण बघतो आणि तीन ढीग करतो: विकण्याजोगं, दुरुस्तीचं आणि चिंधीचं. पहिल्या ढिगाला वीस, पन्नास किंवा शंभर रुपयांची चिठ्ठी लागते. चिंधी वजनावर जाते. गल्ल्यात जमलेले पैसे संस्थेच्या दवाखान्याला मिळतात. कागद, वह्या, पुस्तकं आली तर ती संध्याकाळी पस्तीवाला घेऊन जातो. निदान तेव्हा तरी असाच नियम होता.

जुन्या कपड्याला किती नावं

पहिल्याच महिन्यात एक गोष्ट लक्षात आली. आपल्या भाषेत कपड्याच्या म्हातारपणाला चांगला मोठा शब्दसंग्रह आहे. वापरून मऊ झालेलं लुगडं म्हणजे जुनेर. त्याचं दुपटं होतं, बाळोतं होतं, कारण तान्ह्या मुलाच्या अंगाला नवं खरखरीत कापड लावायचं नाही, आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलंच लावायचं. मग त्याच कापडाचे थर घालून गोधडी किंवा वाकळ. ती विरली की पोतेरं, त्यातून उरते ती चिंधी, आणि माणसाच्या अंगावरच कापडाची चिंधी झाली तर ते लक्तर. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या आसपास कापड. एवढं कापड एका आयुष्यात संपत नसे, म्हणून ते दोन-तीन पिढ्यांत वाटून संपवलं जाई.

म्हणजे घरात 'टाकून द्यायचं' असं फारसं काही नसेच. जे घरात जिरत नसे त्याला बाहेर जायच्या वाटा होत्या. माझ्या हिशेबानं त्या दोन. आमचं दुकान ही तिसरी.

वरून खाली येणारं कापड

पहिली वाट वरून खाली. 'खिलअत' हा शब्द आपल्याला दरबारी मानाचा पोशाख म्हणून माहीत आहे. त्याचं अरबी मूळ 'अंगावरून उतरवणे' या अर्थाचं आहे. राजानं स्वतःच्या अंगावरचं वस्त्र काढून दुसऱ्याला घालावं, म्हणजे त्याच्या मोठेपणाचा अंश त्या माणसाकडे जातो, अशी कल्पना. आज आपण 'उतरलेला कपडा' नाक मुरडून म्हणतो. एके काळी त्यासाठी माणसं हत्ती-घोडे घेऊन रांगेत उभी राहत. पुढे अर्थातच हे पोशाख नवे, कोठीत तयार ठेवलेले असत. मराठी दरबारांत त्यासाठी जामदारखाना हे स्वतंत्र खातंच असे.

आपल्या गायकवाडांचा इतिहास तर या वस्त्रांनीच घडला आहे. दमाजीराव १७६८ मध्ये वारले, तेव्हा गोविंदराव आणि फत्तेसिंगराव या त्यांच्या मुलांच्या बाजूंनी सेनाखासखेलीसाठी पुणे दरबाराकडे धाव घेतली. 'वस्त्रं मिळाली' म्हणजे गादीवर शिक्कामोर्तब झालं, आणि त्यासाठी जबर नजराणा मोजावा लागे. वस्त्र घेतलं की देणाऱ्याचा मिंधेपणा आलाच. तोच व्यवहार खालच्या पायरीवर वाड्यातल्या मोलकरणीला दिवाळीत मालकिणीचं जुनं लुगडं मिळे, तेव्हा होई. तिनं ते घ्यायचं, डोक्याला लावायचं आणि वर्षभर लक्षात ठेवायचं. आवडलं की नाही, हा प्रश्नच नव्हता.

बोहारणीचा सौदा

दुसरी वाट बोहारणीची. टोपलीत चकचकीत भांडी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं, आणि दुपारी पुरुषमाणसं घरात नसताना येणारी तिची हाक. मुंबई-पुण्याच्या वाचकांना ती आठवत असेलच. आमच्या बडोद्यात हे काम प्रामुख्यानं देवीपूजक समाजातल्या बायकांचं. या समाजाला पूर्वी वाघरी म्हणत. याच समाजातली गुजरातची कुटुंबं दिल्लीलाही गेली, आणि तिथे रघुबीर नगरच्या घोडा मंडीत पहाट व्हायच्या आत जुन्या कपड्यांचा बाजार भरतो तो त्यांच्याच जिवावर. गल्लोगल्ली भांडी देऊन जमवलेले कपडे तिथे विकले जातात, धुऊन-रफू करून गरिबांच्या बाजारात जातात, आणि अगदीच गेलेला माल चिंध्या होऊन. खऱ्या जरीचा काठ असेल तर तो जाळून चांदी काढणारे वेगळे. अहमदाबादची गुजरी किंवा आपली शुक्रवारी ही त्याच साखळीतली पुढची ठिकाणं.

या सौद्याकडे आपण कधी इतिहास म्हणून पाहिलं नाही. पण जरा विचार करा. घरातल्या बाईच्या हातात रोख पैसा नसे. जुने कपडे ही मात्र तिची सत्ता. त्यांवर ती नवऱ्याला न विचारता पातेलं, डबा, परात मिळवी. समोर बोहारीणही पक्की. ती कापड उन्हात धरून विरलंय का बघे, "आणखी एक धोतर टाका बाई" म्हणून अडून बसे. दोघी तासभर भांडत आणि शेवटी दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटे. इथे कुणी कुणाचं मिंधं नव्हतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

विलायतेतलं दुकान

तिसरी वाट, म्हणजे दान म्हणून कपडे घ्यायचे आणि विकून सत्कार्याला पैसा उभा करायचा, ही आपल्याकडे उशिरा आली. विलायतेत तिची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची. साल्व्हेशन आर्मीच्या विल्यम बूथनं १८९० च्या आपल्या ग्रंथात घरोघरचं टाकाऊ सामान गोळा करून बेकारांना काम देण्याची योजना मांडली. वुल्व्हरहॅम्प्टनच्या अंधांसाठीच्या संस्थेनं १८९९ मध्ये असं दुकान चालवल्याची नोंद आहे. बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या पाद्र्यानं १९०२ मध्ये गुडविल सुरू केलं. श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे आणायचे, गरिबांनाच दुरुस्तीची मजुरी द्यायची आणि माल स्वस्तात विकायचा.

खरी वाढ दुसऱ्या महायुद्धात झाली. १९४१ पासून ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन आलं, ते १९४९ पर्यंत टिकलं. त्याच १९४१ मध्ये लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर रेड क्रॉसचं दुकान उघडलं. परवान्याची अट अशी की प्रत्येक वस्तू देणगीतूनच आलेली असावी. विकत घेऊन पुन्हा विकायला बंदी. पुढे ऑक्सफर्डमध्ये १९४२ साली ग्रीसमधल्या उपासमारीसाठी एक समिती स्थापन झाली. तीच आजची ऑक्सफॅम. १९४७-४८ च्या हिवाळ्यात तिनं १७, ब्रॉड स्ट्रीट इथे कायमचं दुकान थाटलं आणि १९४९ पासून जो मिटी या पगारी माणसानं ते नावारूपाला आणलं. या दुकानाशी आपलाही धागा आहे. १९५१ मध्ये बिहारच्या दुष्काळासाठी ऑक्सफॅमची मदत आली.

कापडाची टंचाई आपल्याकडेही होतीच. १९४३ मध्ये कापड आणि सुतावर नियंत्रण आलं, 'स्टँडर्ड क्लॉथ'चे दिवस आपल्या आजी-आजोबांनी पाहिले. तरी दानाच्या कपड्यांचं दुकान आपल्याकडे निघालं नाही. माझं मत असं की त्याची जागा आधीच भरलेली होती. घरात गोधडी, अंगणात बोहारीण. ती जागा रिकामी झाली स्टीलची भांडी स्वस्त झाल्यावर, फ्लॅटच्या दारात वॉचमन बसल्यावर आणि तयार कपड्यांची कपाटं भरून वाहू लागल्यावर. १९९९ मध्ये दिल्लीत अंशू गुप्तांनी गूंज सुरू केली, ती या बदललेल्या काळात. त्यांनीही कपडे फुकट वाटले नाहीत. गावानं विहीर खोदावी, रस्ता दुरुस्त करावा आणि मोबदल्यात कपडे घ्यावेत, अशी पद्धत घातली. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मिंधेपणा कशात असतो हे मला दुकानात कळलं. घरकाम करणारी एक बेन मुलीसाठी पन्नासची साडी निवडून काउंटरवर आली. मी मोठ्या मनानं म्हटलं, "राहू द्या पैसे." तिनं साडी घडी करून परत ठेवली आणि निघून गेली. पुढच्या शनिवारी दुसरा स्वयंसेवक बसला होता, तेव्हा येऊन पन्नास रुपये मोजून तीच साडी घेऊन गेली. आमच्या बैठकांत "गरिबांना फुकट का देत नाही?" हा प्रश्न अजूनही निघतो. मी आता गप्प बसत नाही. वीस रुपयांत कापड मिळतं तसा नापसंत करण्याचा हक्कही मिळतो.

माझी चूक

आता ती गोष्ट. पहिल्याच वर्षीची. दांडिया बाजारातल्या एका काकूंनी घर आवरताना चार गाठोडी पाठवली. मुलं परदेशात, वाडा बिल्डरकडे गेलेला. एका गाठोड्यात खारव्याच्या जाड लाल कापडात बांधलेलं काहीतरी होतं. मी गाठ सोडली. आत सुट्या जुन्या वह्या. दुकानात त्या दिवशी गर्दी, टेबलावर ढीग. खारवा चांगला होता, त्याला मी वीसची चिठ्ठी लावली. वह्या पस्तीत टाकल्या. उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत.

मंडळी, पेशवे दफ्तरातल्या कागदांच्या गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात हे मी याच मंडळात लोकांना शिकवत होतो. आणि साक्षात रुमाल हातात आला तेव्हा मी कापड ठेवून घेतलं आणि दफ्तर फेकलं.

आठ दिवसांनी काकू स्वतः आल्या. "अहो भाऊ, त्या लाल फडक्यात सासूबाईंच्या घरखर्चाच्या वह्या होत्या. मला वाचता येत नाही, पण तुम्ही मोडी वाचता म्हणे. म्हणून मुद्दाम पाठवल्या." मला काय बोलावं कळेना. पस्तीवाल्याकडे पळालो, माल केव्हाच गिरणीकडे गेला होता. खारवा मात्र विकला गेला नव्हता. तो झटकला तर घडीत चिकटलेलं एक पान निघालं. तेवढंच.

पानावर वर्ष नाही, आषाढातली तिथी आहे. तूप, गूळ, शाळेची फी, आणि खाली एक नोंद: तीन जुनी लुगडी आणि दोन धोतरं बोहारणीला देऊन एक पितळी पातेलं घेतलं. पुढे बारीक अक्षरात, वर आणखी एक धोतर द्यावं लागलं. बोहारणीशी झालेल्या सौद्याचा लेखी पुरावा मी तरी अजून दुसरा पाहिलेला नाही. सरदारांच्या वस्त्रांचे हिशेब दफ्तरात मिळतात. बाईनं पातेलं कसं मिळवलं हे अशा वहीतच मिळायचं, आणि त्या वह्या मी किलोच्या भावानं दिल्या.

काकूंना पान वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ते पातेलं दिवाळीच्या आधी मोडीत दिलं हो मी. एवढं मोठं कुणासाठी ठेवायचं?" आणि पान माझ्याकडेच ठेवायला सांगितलं.

तेव्हापासून दुकानात एक जादा खोकं आहे. कोणत्याही गाठोड्यातून हातानं लिहिलेला कागद निघाला, मग तो धोब्याचा हिशेब का असेना, तो त्यात जातो, देणाऱ्याला फोन होतो, आणि महिनाभर काही पस्तीत जात नाही. खोक्यात आजवर रेशनकार्डं, पत्रिका, लग्नाच्या आहेरयाद्या आणि दोन मोडी वह्या जमल्या आहेत. आहेरयाद्यांचं काम मी हाती घेतलं आहे. त्यावर पुढच्या बैठकीत बोलेन.

वाचकांना एवढीच विनंती. बडोदा असो, इंदूर, ग्वाल्हेर की हैदराबाद, आपली जुनी घरं आता झपाट्यानं रिकामी होत आहेत. कपडे जरूर द्या, ते कुणाच्या तरी अंगाला लागतील. पण गाठोडं बांधण्याआधी फडक्याची गाठ सोडून आत काय आहे ते एकदा बघा. आमच्यासारख्या निवडणाऱ्यावर सोडू नका.