तळटीप : हरित रोखे

१२. हरित रोखे : २००७च्या अखेरीस स्वीडनमधल्या काही पेन्शन फंडांनी 'एसईबी' या बँकेमार्फत जागतिक बँकेकडे विचारणा केली. हवामानबदलाला आळा घालणाऱ्या कामांत पैसा गुंतवायचा होता, पण सभासदांच्या निवृत्तिवेतनाला धक्का लागून चालणार नव्हते. त्यातून नोव्हेंबर २००८मध्ये जागतिक बँकेने आपले पहिले हरित रोखे काढले. चलन स्वीडिश क्रोना, मुदत सहा वर्षे. प्रकल्पनिवडीचे निकष ओस्लोच्या 'सिसेरो' या हवामान-संशोधन संस्थेने तपासून दिले. परतफेडीची जबाबदारी मात्र प्रकल्पांवर नव्हे, थेट जागतिक बँकेवर होती. म्हणून पतमानांकन 'एएए'च राहिले. एखादा प्रकल्प रखडला तरी व्याज चुकणार नव्हते. तेव्हा लेखकाने मूळ मजकुरात या रोख्यांसाठी वापरलेला 'दानधर्म' हा शब्द वाचकांनी शब्दशः घेऊ नये. हा व्यवहार निव्वळ कर्जाचाच होता. — संपादक