कोपराचा काटकोन

खडवली स्टेशनात उतरून आपण भातसा नदीवर गेलात, तर एक साधा प्रयोग करून पाहा. एक कळशी पाण्याने निम्मी भरा आणि हात ताठ करून समोर धरा. वीस आकडे मोजण्याच्या आत खांदा कुरकुरू लागेल. आता कोपर बरगडीला चिकटवा, हात काटकोनात वाकवा आणि तीच कळशी पुन्हा धरा. कळशी तीच, पाणी तेवढेच, हातही आपलाच. पण आता ती कितीतरी अधिक वेळ पेलते. मग मघाशी कमी पडले ते काय? बळ, की बळ लावण्याची रीत?

प्रश्न लहानसा दिसतो खरा, पण त्याचे उत्तर सापडायला माणसाला फार वेळ लागला. तरफेचा नियम आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मांडला. पहारेने धोंडा उलथताना टेकू धोंड्याजवळ का ठेवायचा, हे त्यावरून कळते. पुढे दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने सांगितले की, स्नायू फक्त आखडून ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून एक हात वाकवणारा आणि दुसरा तो सरळ करणारा अशी स्नायूंची जोडी असते. पण तरफेचा हिशेब हाताला नीट लावून पाहिला तो इटलीच्या बोरेल्लीने. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८० साली प्रसिद्ध होऊ लागला.

त्याआधी मोठमोठ्या विद्वानांना वाटे की, निसर्गाने शरीरात तरफा घातल्या त्या थोड्या बळात मोठे ओझे उचलण्यासाठी. बोरेल्लीने दाखवले की, प्रकार नेमका उलटा आहे! मुले मोठ्या ऐटीने दंडाची बेटकुळी दाखवतात ना, तो स्नायू कोपराच्या सांध्यापासून जेमतेम ४-५ सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो. तळहातावरचे ओझे असते सुमारे ३५ सेंटिमीटरवर. म्हणजे हात काटकोनात असता ५ किलो पेलण्यासाठी स्नायूंना सुमारे ३५ किलोंची ओढ द्यावी लागते. खुद्द हाताचे वजन वेगळेच. व्यवहार तोट्याचा वाटतो. पण नफाही आहे: स्नायू थोडासा आखडला की तळहात त्याच्या सातपट अंतर धावतो. गोफणीतून धोंडा सुटतो तो या नफ्यावर.

आता कोनाची गोष्ट. हात जवळजवळ सरळ असतो, तेव्हा स्नायूची ओढ हाडाला समांतर जाते आणि सांध्यापासून तिचे अंतर अगदी थोडे उरते. काटकोनाच्या आसपास ते अंतर सर्वांत मोठे होते. शिवाय स्नायू फार ताणला किंवा फार आखडला तरी त्याचा जोर घटतो. हे स्वीडनच्या ब्लिक्सने १८९० च्या दशकात मोजले. स्नायूतले तंतू एकमेकांवरून सरकतात, हे १९५४ साली उलगडले, आणि १९६६ साली बेडकाच्या स्नायूवरील प्रयोगांनी त्या घटीचे कारणही दाखवले. तळहात पालथा केला तरी बेटकुळीचा जोर कमी पडतो, हे आपण घरीच पाहू शकता.

आमच्या तालमींत हे गणित कोणी मांडले नव्हते, पण शरीराला ते पाठ होते. वस्ताद पोराला बजावतो, ‘कोपरं अंगाजवळ ठेव!’ कारण ताठ हात प्रतिस्पर्ध्याच्या तावडीत सापडला, तर त्याला आयती लांब तरफ मिळते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोंच्या गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्ती नुसत्या दंडाच्या घेरावर जिंकता आली असती, तर डावपेच शिकवायला वस्ताद कशाला लागता?

पण पदके थोड्यांनाच मिळतात. ओझे मात्र पुष्कळांच्या वाट्याला येते. कल्याणहून वासिंदपर्यंत लोहमार्ग खुला झाला तो १८५५ साली, आणि खडवली याच वाटेवर आहे. त्या काळी असे भराव घातले गेले ते माणसांच्या हातांनी, डोक्यावरच्या मातीच्या पाट्यांनी. डोईवर चुंबळ, तिच्यावर पाटी. कमरेवर कळशी, तिला वाकवलेल्या हाताचा विळखा. भार हाडांवर घ्यावा, हाताने फक्त सावरावे, ही त्यांची विद्या. तिची नोंद कुठल्या ग्रंथात झाली नाही.

म्हणून एखादा हमाल किंवा घरातली बाई ओझ्याने वाकली, तर ‘अंगात जोर नाही’ असे चटकन म्हणू नका. आधी पाहा, ओझे अंगापासून किती लांब आहे आणि कोपर कुठे आहे. फडताळ जरा खाली आणले, हंड्याखाली कमरेइतका ओटा बांधला, तर तेवढ्यानेही एखाद्याचा खांदा म्हातारपणापर्यंत शाबूत राहील. बळ वाढवायला वर्षे लागतात. कोपर जवळ घ्यायला क्षणही पुरतो.