एडझेल किल्ल्याची कोरीव बाग

स्कॉटलंडमधील अँगस परगण्यातल्या एडझेल किल्ल्याचा उंच दगडी निवासी बुरूज सोळाव्या शतकात लिंडसे घराण्याने उभारला. परंतु या स्थळाचे खरे वैभव सर डेव्हिड लिंडसे यांनी १६०४ मध्ये घडवलेल्या भिंतीबंद बागेत आहे. तिच्या भिंतींवर सात ग्रहदेवता, सद्गुण आणि उदारविद्या, म्हणजे व्याकरण, भूमिती, संगीत आदी मध्ययुगीन युरोपीय विद्याशाखा, मूर्तरूपाने कोरलेल्या असून, ग्रहदेवतांच्या आकृती न्यूरेंबर्गच्या कोरीव मुद्राचित्रांवरून घेतलेल्या आहेत. सागरापलीकडची विद्या या आडबाजूच्या खोऱ्यात किती आस्थेने रुजवली गेली, याचा एवढा बोलका पुरावा विरळाच. भिंतींतील फुलांसाठी ठेवलेले चौकोनी कोनाडे घराण्याच्या कुलचिन्हातील चौकड्यांची नक्षी साकारतात. मोठे कर्ज मागे ठेवून लिंडसे १६१० मध्ये निवर्तले, १७१५ मध्ये वंशजांनी मालमत्ता विकली आणि पुढे किल्ला ओस पडला. आजची लागवड मूळची नसून १९३० च्या दशकातील आहे. तरीही वसंतात, गुलाब फुलण्यापूर्वी, बॉक्स या सदाहरित झुडपांच्या कातरलेल्या कुंपणांची भौमितिक आखणी आणि तिच्याभोवतीची शिल्पे विशेष स्पष्टपणे नजरेत भरतात.