कानपूरची दहा दिवसांची संगणकशाळा

१९६३ साली कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आयबीएम १६२० हा संगणक दाखल झाला. देशात तेव्हा संगणक बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यांच्यासाठी आज्ञावली लिहू शकणारी माणसेही थोडीच. यंत्र परदेशातून आणता येते. ते वापरणारी पिढी मात्र येथेच घडवावी लागते. हे ओळखून हॅरी हस्की, व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरच्या शास्त्रज्ञ, अभियंते व अध्यापकांसाठीही सुमारे दहा दिवसांचे सघन वर्ग सुरू केले. तेथे शिकलेली फोरट्रान भाषा प्रत्यक्ष यंत्रावर पारखता येई. ही भाषा गणिती सूत्रांना जवळची असल्यामुळे यंत्राच्या अंकसंकेतांत न अडकता संशोधक आपला प्रश्न स्वतः मांडू लागले. पुढे राजारामन यांनी अध्यापनाच्या टिपणांना पुस्तकरूप दिले आणि त्याची किंमत विद्यार्थ्यांना परवडेल अशी ठेवली. कानपूरला पोहोचू न शकलेल्यांपर्यंत तो वर्ग असा पोहोचला.

२०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’मध्ये देशभरातील विद्यार्थी सलग ३६ तास आज्ञावली रचतात. स्पर्धेत कौशल्य पारखले जाते. ते आधी कोणीतरी धीराने शिकवावे लागते, हा कानपूरचा धडा आजही जुना झालेला नाही.